आपलं मूल शेवटी

बायको गेली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग उठून जायची वाट शोधतो. पण झालं तसंच. दोन दिवस ताप, कावीळ डोक्यात गेली असं डॉक्टर म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी नारपोलीतल्या आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. शेजारच्या बायका रडत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि पंख्याच्या एका पात्याचा आवाज वेगळा येतोय, त्याचा स्क्रू सैल झाला असणार, हा विचार करत होतो. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, किती घट्ट मनाचा माणूस. घट्ट कसलं डोंबलाचं. आत काही असतं तर घट्ट झालं असतं.

मी लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मिस्त्री होतो. बंद पडलेली लूम चालू करून द्यायची, एवढंच काम, पण बारा तासांची शिफ्ट. मुलगी तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. कारखान्यातली मंडळी उत्तरेकडची, मनाने चांगली. सगळ्यांचा सल्ला एकच होता, बच्ची को गाँव भेज दो भाई. त्यांच्या सगळ्यांच्या मुली गावीच होत्या, त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सासूबाई तेरावं झाल्यावरही थांबल्या होत्या, त्या मुलीला न्यायलाच. मी त्यांना मामी म्हणायचो, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्यांचं गाव शहापूरच्या पुढे, घर मोठं, दारात म्हैस. मुलगी तिथे सुखात राहिली असती, ते मलाही कळत होतं. तरी मी नको म्हणालो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. माया उफाळून आली वगैरे काही झालं नव्हतं. मुलगी दारात उलटी चप्पल घालून उभी होती, आपल्याला नेणार आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला ते बरोबर वाटलं नाही, एवढंच. मामींनी वाद घातला नाही. म्हणाल्या, वर्षश्राद्धापर्यंत ठेवा. तेव्हा मी येईन, बघेन. पोर धड दिसली तर तुमची. नाही तर मी घेऊन जाईन, आणि मग मला अडवायचं नाही.

मी हो म्हणालो. शब्द दिला, आणि मग बारा तासांच्या शिफ्टमध्ये पोर कशी धड ठेवायची याचा विचार सुरू केला. आधी लगीन मग कुंडली, असला माझा कारभार.

त्याच शहरात टेमघरला एक घर होतं, त्याची माहिती मला लूमच्या मालकानेच दिली. घर एका म्हाताऱ्या बाईचं. तिची पूर्णा गावाकडची जमीन गोदामांना गेली होती आणि पोरं आपापले बंगले बांधून वेगळी झाली होती. हे दोन मजली घर तिने स्वतःसाठी राखलं आणि त्याच्या खोल्या एकट्या बायकांना दिल्या. नवऱ्याने टाकलेल्या, नवरा मेलेल्या, पदरात पोर असलेल्या. अट एकच होती. शिकत असलं पाहिजे. काय, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शाळेचा नाही तर कॉलेजचा कागद दाखवा. शिक्षण संपेपर्यंत खोली तुमची. ती स्वतः दुसरी शिकलेली, तरुणपणीच विधवा झालेली. तिला सगळे आत्या म्हणायचे.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर सुकी मासळी निवडत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हितं बायका ऱ्हातान," ती म्हणाली. "बाप्या मानूस मी कुटं ठेवू?"

मी म्हटलं, मुलगी आहे. ती म्हणाली, पोर तर दिसतेच हाय, पन शिकतोस काय? मी दहावी नापास, काय शिकणार? पण आयटीआयमध्ये वायरमनच्या कोर्सला आठवी पास चालते हे मी ऐकून होतो, म्हणून तेच सांगितलं. आत्याचा खाक्या बाप दाखव नाही तर श्राद्ध कर असा. प्रवेशाची पावती आण, मग बोलू, म्हणाली. मी खरोखरच जाऊन प्रवेश घेतला. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मी एका म्हातारीसमोर तोंडातून निघून गेलं म्हणून घेतला, हे लोकांना सांगायला मला जरा संकोच वाटतो.

मग जिन्यावर बायकांची बैठक बसली. मी खाली उभा, त्या वर. त्या घरात सगळ्यांना आपापल्या शिक्षणावरून ओळखायचे. नर्सिंगवाली, दहावीवाली, शिवणवाली. बाई कोणाची कोण, नवरा कुठे, हे कुणी काढत नसे. नर्सिंगवाली त्यांच्यात मोठी, तोंडाने फटकळ. तिने माझा निकाल लावला. राहू दे त्याला खालच्या कोठीच्या खोलीत, दार वेगळं आहे, वर यायचं नाही. पण ड्युटी आमच्यासारखीच करायची. बाप आहे म्हणून सूट नाही.

ड्युटी म्हणजे मुलांची ड्युटी. घरात आठ मुलं होती, माझी धरून. आई शिकायला किंवा कामाला गेली की तिचं मूल ज्या बाईची ड्युटी असेल तिच्याकडे. माझी मुलगी दुपारपासून संध्याकाळपर्यंत अशीच कुणा ना कुणाकडे असे, तेव्हा मी आयटीआयमध्ये आणि नंतर लूमवर, मालकाने बारा तासांचं काम चार तासांवर आणून दिलं होतं. त्याच्या बदल्यात सकाळ माझी. सात ते नऊ, रविवार सोडून रोज, आठही मुलांना ओट्यावर बसवायचं, दूध द्यायचं, युनिफॉर्मची बटणं लावायची, केस विंचरायचे आणि शाळेत सोडून यायचं. मुलांपैकी पाच मुली. शाळेत दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी लागत, आणि त्या वर दुमडून बांधलेल्या असल्या पाहिजेत, नाही तर बाई बाहेर उभं करत.

शिवणवालीने मला खिडकीच्या गजाला सुताची लड बांधून वेणी शिकवली. तुटलेली सुतं सांधायची सवय असलेला हात, दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून पाच डोकी उरकली आणि रस्त्यावरून जाणारे कारागीर थांबून बघू लागले. कुणीतरी हसलं. मला लाजही वाटली नाही आणि रागही आला नाही. वेणी घालताना फक्त वेणी घालायची असते, त्यात दुसरं काही वाटून घ्यावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं.

पहिल्याच आठवड्यात दहावीवालीच्या मुलीची वेणी शाळेत सुटली. संध्याकाळी ती बाई माझ्या दारात आली. आवाज चढवला नाही, पण बोलली ते असं की स्वतःची असती तर अशी सैल घातली असती का. माझ्या मुलीची वेणी खरंच घट्ट होती, कारण तिचे केस दाट आहेत आणि तिची मी सगळ्यांत आधी घालत असे, हात ताजे असताना. पण बोट ठेवायला जागा होती. पंगतीत वाढणाऱ्याने आपल्या माणसाच्या पानात शेवटी वाढायचं असतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्या दिवसापासून मी माझी मुलगी शेवटी घेऊ लागलो. आधी चार मुली, मग तीन मुलगे, त्यांचे भांग, त्यांची बटणं, आणि मग ती.

घरात याचं फार कौतुक झालं. आत्या आल्यागेल्याला सांगायची, बघा, बाप्या मानूस हाय पन न्याव कसा. दहावीवालीने एकदा स्वतः होऊन वाटीभर खीर पाठवली. मलाही बरं वाटत असे. म्हणजे बरं वाटतंय असं मला वाटत असे. ज्याला आतून काही उमगत नाही त्याला नियम फार उपयोगी पडतो, त्याच्यामागे चालत राहिलं की झालं. दूध असो, नवीन रिबिनी असोत, शाळेच्या रस्त्यात धरायला माझा हात असो, आपलं मूल शेवटी. नऊ वाजत आले की तिच्या वाट्याला बऱ्याचदा दोन वेण्या येतच नसत. एक रबर लावायचं आणि चला. बालवाडीत कुणी बाहेर उभं करत नव्हतं, त्यामुळे तेही खपून गेलं.

वर्ष तसं ठीक गेलं. शुक्रवारी लूम बंद असायच्या, त्या दिवशी संध्याकाळी नर्सिंगवाली आम्हा सगळ्यांना ओट्यावर अभ्यासाला बसवायची आणि कोण काय वाचतोय ते तपासायची. तिने मला ओहमचा नियम पाठ करून घेतला, तो तिला स्वतःला कळत नव्हता तरी. लाइट गेली की मी फ्यूज बघायचो. मुलगी आजारी पडली नाही, वजन वाढलं, गाणी शिकली, उलटी चप्पल घालायची बंद झाली. मामींना दाखवायला हे पुरेसं होतं. मी मनात यादी करून ठेवली होती. ती कुणाकडे बघून हसते का, रात्री माझ्याजवळ सरकते का, हे त्या यादीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

पुढे मी कोर्स पुरा केला, वायरमनचं लायसन्स मिळालं, नोकरी लागली, आम्ही दोघं दोन खोल्यांत राहायला गेलो. ते सगळं रीतसर झालं आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्यातलं काहीच झालं नसतं, झालं असतं तरी कुणासाठी असा प्रश्न पडला असता, अशी एक सकाळ मधे येऊन गेली, ती ही.

वर्षश्राद्धाला आठ दिवस होते. शाळा सुरू झाल्या होत्या, माझी मुलगी पहिलीला जाऊ लागली होती. आम्ही ओट्यावर होतो, माझ्यासमोर दुसरी की तिसरी मुलगी बसलेली, आणि मामी फाटकातून आत आल्या. पहिल्या एसटीने निघाल्या असणार. कळवलं नव्हतं. कळवून आल्या असत्या तर मी मुलीला आदल्या दिवशी न्हाऊ घातलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला खुणेनेच चालू द्या म्हटलं आणि पायरीवर बसल्या. मुलगी त्यांना ओळखून हसली, पण रांगेतून हलली नाही. तिथे हललं की नंबर जातो.

मी वेण्या घालत राहिलो. घाई केली नाही. मामी बघतायत तर नीट बघू देत, आपलं काम चोख आहे, असा एक मूर्ख अभिमानही होता. मुलगे झाले. घड्याळात पावणेनऊ. आणि रांगेच्या टोकाहून माझी मुलगी म्हणाली, "काका, आता माझी ना?"

मी मान वर केली नाही. ती मला काका म्हणते हे मला माहीत होतं. केव्हापासून, ते आठवत नव्हतं. दिवाळीनंतर असेल. घरातली सगळीच मुलं मला काका म्हणत, पोरं एकमेकांचं बघून शिकतात, त्यात काय एवढं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पहिलीच्या बाई अजून रबर चालवून घेत होत्या, म्हणून मी तिला रबरच लावलं आणि मुलांना शाळेत सोडायला निघालो. मामी म्हणाल्या, हिला आज राहू द्या घरी.

मी परत आलो तेव्हा त्या माझ्या खोलीत बसल्या होत्या. मुलगी बाहेर ओट्यावर खेळत होती. आत्याने चहा पाठवला होता, तो तसाच होता.

"ती तुम्हाला काका म्हणते," मामी म्हणाल्या.

"सगळीच म्हणतात."

"सगळ्यांचे बाप इथे नाहीत, जावईबापू. हिचा आहे."

हे ऐकून आत काही हललं पाहिजे होतं, ते हललं नाही. मी हिशोबी डोक्याने विचार केला की अट धड दिसण्याची होती, ती मुलगी धड आहे, पण यांना ती धड वाटत नाही, तेव्हा शब्द दिलाय तसं वागावं. मी म्हटलं, घेऊन जा तिला. मिस्त्री हाताखालच्याला पाना देतो तसं मी ते बोललो. मामींनी सोबत आणलेली कापडी पिशवी उघडली. ती रिकामी होती. मुलीचे फ्रॉक मीच फळीवरून काढून दिले, घड्या घालून.

दारात आत्या येऊन उभी राहिली होती. ती एवढंच म्हणाली, की मी तुला खोली दिली व्हती ती पोरीसाठी.

जायच्या आधी मामींनी मुलीला बोलावून पुढ्यात बसवलं आणि तिचं रबर सोडलं. मुलीच्या केसांत गुंते होते. मला वाटलं, गुंत्यांवरून काही ऐकून घ्यावं लागणार. पण त्या तेल लावत राहिल्या, आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी तिला विचारलं की बाबाला तू काका का म्हणतेस गं.

मुलीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. तिला तो प्रश्न सोपा होता.

"काका म्हणणाऱ्यांची वेणी आधी होते," ती म्हणाली. "बाबा म्हटलं की शेवटी."

आणि मग आजीला नीट समजावं म्हणून तिने पुढेही सांगितलं. तिने मोजून बघितलं होतं. जे जे काका म्हणतात त्यांना दूध आधी, रिबीन आधी, रस्त्यात हात आधी. बाबा म्हणणारी ती एकटीच होती. म्हणून तिने पण काका म्हणायला घेतलं. अजून तिचा नंबर पुढे आला नव्हता, पण ती म्हणाली, मी नवीन आहे ना, म्हणून. हळूहळू येईल.

मामींचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. दोन वेण्या घालून, दुमडून, त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं. पिशवीतले फ्रॉक एकेक करून बाहेर काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"मी न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "आता नेत नाही. नेली तर हिला वाटेल, नंबर लागला नाही म्हणून काढून टाकली."

मी फ्रॉक उचलून पुन्हा फळीवर ठेवू लागलो.

"उद्यापासून पहिली हिची. लोक बोलतील, बोलू द्या."

दुपारच्या एसटीने त्या गेल्या. जाताना मुलीच्या नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांची स्वतःची मुलगी गेलेली होती, आणि त्या वर्षभरात मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही कशा आहात. हे मला तेव्हा सुचलं नाही, फार नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आठही मुलं ओट्यावर बसली. मी फणी घेतली आणि माझ्या मुलीला हाक मारली. ती रांगेच्या टोकाला होती. तिने आधी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. मी परत हाक मारली. ती उठली, चार पावलं आली आणि थांबली. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. माझं नाही, तिचंच.

दहावीवालीची मुलगी माझ्या पुढ्यात येऊन बसलेलीच होती, रोजच्यासारखी. ती सात वर्षांची, हिशेबाला पक्की. तिने विचारलं, "आज हिची आधी का?"

वर जिन्यात तिची आई उभी होती, हातात पुस्तक. नर्सिंगवालीही होती. मला सगळं दिसत होतं. वर्षभर ज्या गोष्टीसाठी या घरात माझं नाव होतं ती मी त्यांच्यासमोर मोडत होतो, आणि कारण सांगायला माझ्याकडे एकच होतं.

"कारण ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

आवाज माझा मला ओळखू आला नाही. मुलगी तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत होती, खरं की खोटं ते बघत होती. आणि मला लाज वाटली. कान तापले. बायको गेल्यापासून मला वाटलेली ती पहिली गोष्ट. दुःख आधी येईल असं मी धरून चाललो होतो, पण आधी लाज आली. इतकी की जिन्यातल्या बायका खाली बघू लागल्या.

दहावीवालीची मुलगी सरकली. माझी मुलगी येऊन बसली. भांग सरळ पडेना, दोनदा मोडून पुन्हा काढला. दोन वेण्या, रिबिनी, दुमडून वर. झालं, ऊठ, मी म्हटलं. ती उठली नाही. मागे सरकून माझ्या मांडीवर बसली आणि दोन्ही हातांनी माझे गुडघे धरून ठेवले. बाकीच्या चौघींच्या वेण्या मी तिच्या डोक्यावरून हात पुढे करून घातल्या, वाकड्यातिकड्या, आणि त्या दिवशी आठही जणांना शाळेला उशीर झाला.